समासातली अक्षरे

लेखन सुरू झाल्याची तारीख पुष्कळांना सांगता येते. पहिली कविता कोणत्या दिवाळी अंकात आली, पहिला लेख कोणत्या संपादकाने साभार परत केला, हे लेखक मंडळी वर्षांसकट सांगतात. लेखन थांबल्याची तारीख मात्र सहसा कोणाला सांगता येत नाही. आज नको, उद्या बघू. उत्तरपत्रिका तपासून होऊ देत. दिवाळीच्या सुटीत निवांत बसू, असे करता करता एके दिवशी कोणीतरी विचारते, 'हल्ली काही लिहीत नाही का?' आणि उत्तर शोधताना ध्यानात येते की थांबून कित्येक वर्षे लोटली. आमच्या बाबतीत ही वर्षे आठ निघाली. २०१६ च्या पावसाळ्यापासून २०२४ च्या पावसाळ्यापर्यंत आम्ही प्रश्नपत्रिका, अहवाल, शोकप्रस्ताव आणि पाहुण्यांचे परिचय एवढेच मराठीत लिहिले. हेही लेखनच, असे कोणी म्हणेल. पण ज्याखाली आपले नाव घालावे आणि ज्यासाठी कोणी आपल्याला जाब विचारावा, असे त्यात एक वाक्य नव्हते.

लेखनाच्या या खंडाला मराठीत थोर उदाहरणे आहेत आणि आम्ही ती वर्गात शिकवतोही. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची. त्यानंतरची 'बिढार' १९७५ ची. पुढे 'झूल' १९७९ मध्ये आली आणि 'हिंदू'साठी वाचकांना २०१० पर्यंत थांबावे लागले. अरुण कोलटकरांच्या मराठी कवितांचा पहिला संग्रह १९७७ चा. नंतरचे संग्रह आले ते थेट नव्या शतकात, त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस. विद्यार्थ्यांना ही सनावळी सांगितली की ते विचारतात, 'सर, मग मधल्या काळात ते काय करत होते?' प्रश्न भाबडा वाटतो, पण तसा नाही. प्रकाशनातला खंड आणि लेखनातला खंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रश्नाने आपोआप पुढे येते. कोलटकर मधल्या काळात लिहीतच होते. छापत नव्हते एवढेच. विहिरीला पाणी होते, पोहरा वर येत नव्हता. ज्याने खरोखरच लिहिणे थांबवले त्याला अशा उदाहरणांनी धीर येत नाही. उलट थोडी लाजच वाटते.

शिवाय कादंबरीची गोष्ट निराळी. कादंबरीतली माणसे लेखकाची वाट पाहत थांबू शकतात. लेखक दहा वर्षांनी परतला तरी पांडुरंग सांगवीकर ज्या वयाचा होता त्याच वयाचा राहतो. ललित निबंधात ही सोय नाही. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकरांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हा प्रकार मराठीत रुजवला तेव्हा त्याला 'लघुनिबंध' म्हणत. अनंत काणेकर त्याच पिढीचे. पुढे इरावती कर्व्यांची 'परिपूर्ती' (१९४९) आणि दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) आले आणि त्या हलक्याफुलक्या गप्पांना अनुभवाचे आणि ज्ञानाचे वजन आले. या सर्वांत समान धागा एकच : बोलणारा माणूस हाच निबंधाचा कणा. तो माणूस आठ वर्षांनी मोठा झाला, त्याचे केस पांढरे झाले, त्याच्या घरातली दोन माणसे गेली, की थांबलेला निबंध पुढे चालू करणे शक्यच नसते. जुन्या वहीचे पुढचे पान उलटले तरी त्यावर लिहिणारा हात निराळा असतो. तेव्हा ललित लेखनाकडे परतणे म्हणजे नेमके कोणाचे परतणे, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. आम्हांला तो एका गावाने सोडवून दिला, किंवा अधिक नेमके सांगायचे तर सोडवायला घातला. म्हणून त्या गावाविषयी थोडे.

कुरुंदा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातले गाव. जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी गाव परभणी जिल्ह्यात होते आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हा सगळा पट्टा हळदीचा. वसमतची हळद व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला मात्र हे गाव ठाऊक असते ते एका आडनावामुळे. नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांच्या घराण्याचे हे गाव. कुरुंदकरांनी आयुष्य काढले नांदेडला. पीपल्स कॉलेजात शिकवले, तिथेच प्राचार्य झाले आणि पन्नाशी पुरी होण्याआधीच गेले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हैदराबादला मराठीचे प्राध्यापक होते. त्यांच्या आडनावातले नांदापूरही याच जिल्ह्यातले. मामा-भाचे दोघेही गावे सोडून विद्येच्या मागे गेले आणि दोघांनीही गावे आडनावात बरोबर नेली. मराठी समीक्षेच्या इतिहासात मराठवाड्याची दोन लहान गावे अशी कायमची नोंदली गेली. गावाला त्याचे फार अप्रूप आहे असे नव्हे. पारावर कोणाला 'धार आणि काठ' विषयी विचारले तर तो बहुधा नदीचा पत्ता सांगेल. आणि त्यात काही वावगेही नाही.

आमचे कुरुंद्याशी नाते आजोळाचे. त्याहून मोठे नाते एका वाचकाचे. गावात प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. त्यांचे नाव इथे देत नाही. त्यांना ते आवडले नसते. आम्ही २००६ च्या आसपास ललित लिहू लागलो तेव्हापासून आमच्या वह्या त्यांच्याकडे जात. छापील मजकूर त्यांना वाचायला आवडत नसे. 'छापले म्हणजे ठरले. मग मी काय सांगायचे?' असे ते म्हणत. म्हणून आम्ही दोनशे पानी वहीत, शाईच्या पेनाने, डाव्या बाजूला चार बोटे समास सोडून लिहीत असू. त्या समासात गुरुजी शिसपेन्सिलीने शेरे लिहीत. शिसपेन्सिलीनेच का, असे एकदा विचारले तेव्हा म्हणाले, 'मास्तरने लाल शाई पोरांपुरती ठेवावी. मोठ्या माणसाला खोडता येईल अशाने सांगावे.' समोरासमोर ते आम्हांला 'अरे तू' म्हणत. आमच्या आजोळच्या दारात हाफचड्डीतले आम्ही त्यांनी पाहिलेले होतो. समासात मात्र 'तुम्ही' लिहीत. तोंडी 'तू' आणि लेखी 'तुम्ही' यांतला हा फरक त्यांनी दहा वर्षांत एकदाही मोडला नाही. लिहिणारा माणूस आणि दारात आलेला पोरगा हे दोन वेगळे इसम आहेत, असा त्यांचा हिशेब असावा.

त्यांच्यापुढे कुरुंदकरांचा विषय निघाला की ते एकाच गोष्टीवर थांबत. रणजित देसायांच्या 'श्रीमान योगी'ला कुरुंदकरांची जी प्रस्तावना आहे, ती मुळात एक पत्र आहे. कादंबरीकाराने विचारले आणि समीक्षकाने शिवचरित्राच्या साधनांपासून कादंबरीच्या रचनेपर्यंत आपले सारे म्हणणे त्याला कळवले. एका माणसाने दुसऱ्या माणसाला लिहिलेले ते पत्र पुढे हजारो वाचकांनी वाचले. इतिहास आणि कादंबरी यांच्या नात्याविषयी ज्यांनी दुसरे काहीच वाचलेले नाही, अशांनीही ते वाचले आहे. गुरुजी म्हणत, 'बघ, समोर एक माणूस धरून लिहिले की वाक्य सरळ येते. सगळ्यांसाठी लिहायला गेले की त्याला पागोटे चढते.' समीक्षाशास्त्राच्या भाषेत आम्ही यावर पानभर टिपण करू शकू. त्याने या वाक्यात भर पडेल असे वाटत नाही.

२०१६ च्या जुलैत गुरुजी गेले. त्यानंतर आम्ही लिहिले नाही. या दोन वाक्यांत कार्यकारणभाव आहे, हे आम्हांला त्या वेळी समजले नव्हते. महाविद्यालयात नवी पदवी रचना आली, तपासण्या आल्या, साथीच्या काळात पडद्यावरून शिकवणे आले, आणि न लिहिण्यासाठी प्रत्येक वर्षाने एक सज्जड सबब पुरवली. पण पत्ता हरवलेले पत्र लिहायचे कोणाला, हेच खरे कारण होते. वाचक म्हणजे संख्या, असे मानणाऱ्या काळात एक वाचक गेल्याने लेखन थांबावे हे कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल. शिक्षकांना वाटू नये. वर्गात ऐंशी मुले असतात आणि आपण बहुतेक वेळा शिकवत असतो तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला, हे आपल्यापैकी प्रत्येकाला मनातून माहीत आहे.

वह्या गुरुजींच्याच घरी राहिल्या होत्या. एकूण अकरा. त्यांच्या मुलाने त्या एका पत्र्याच्या पेटीत नीट बांधून ठेवल्या होत्या. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टी झाली आणि कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले. रातोरात घरांत पाणी, धान्याची पोती भिजलेली, दुकानांत गाळ; त्या आठवड्यातल्या बातम्या अनेकांच्या स्मरणात असतील. कोणाचे बियाणे गेले, कोणाची जनावरे. अशा वेळी पेटीतल्या वह्यांचा विचार करायला कोणाला सवड नव्हती आणि नसावीच. चारेक महिन्यांनी, दिवाळीला, त्या मुलाने पेटी आमच्या हवाली केली. 'उन्हात वाळवल्या, पण काही उरले नाही बघा,' म्हणाला.

त्याचे म्हणणे निम्मे खरे होते. शाई धुऊन गेली होती. पानांवर निळसर ढगांसारखे डाग होते, आणि कुठे कुठे एखादी वेलांटी किंवा शिरोरेषेचा तुकडा. दहा वर्षांचे आमचे लेखन असे डागांत जमा झाले. पण शिसपेन्सिलीला पाणी काही करीत नाही. शिसे विरघळत नाही. समासातले गुरुजींचे शेरे जवळजवळ जसेच्या तसे होते. अकरा वह्या भरून फक्त शेरे. लेख नाहीत आणि लेखांवरचे प्रश्न शाबूत आहेत.

पाण्यात गेलेली अक्षरे म्हटल्यावर मराठी माणसाला इंद्रायणी आठवणारच. तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याहून कमी सांगितली जाणारी, पण साहित्याच्या विद्यार्थ्याने अधिक जवळ ठेवावी अशी दुसरी कथा 'लीळाचरित्रा'ची. महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभटांनी परिश्रमपूर्वक जमवलेल्या लीळांची मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाली आणि पुढे शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली. हिराइसेच्या स्मरणाचा उल्लेख या संदर्भात आदराने होतो. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो असा, दुसऱ्यांदा लिहिला जाऊन. पाठभेदांनी जेरीस आलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी सांगतो की हे पाठभेद म्हणजे एका पोथीची जागा अनेक स्मरणांनी घेतल्याची खूण आहे.

हरवलेल्या मजकुराचे असे दोन मार्ग परंपरेने दाखवले. पाण्याने परत द्यावे, नाहीतर स्मरणाने. आमच्या वह्यांना पहिला मार्ग लागू नव्हता. त्या अभंगाच्या वह्या नव्हत्या. दुसरा मार्ग आम्ही काही दिवस चाचपून पाहिला. एका दुपारी, 'आखाडातले आजोळ' या नावाचा एक लेख आठवून पुन्हा लिहायला घेतला. अर्ध्या पानानंतर कळले की आम्हांला लेख आठवत नाही, लेख चांगला झाला होता असे तेवढे आठवते. हिराइसेला लीळा आठवत होत्या, कारण त्या तिच्या स्वतःच्या नव्हत्या. तिने त्या श्रद्धेने ऐकलेल्या होत्या. स्वतःचे लिहिलेले माणूस इतक्या श्रद्धेने ऐकत नाही.

उरला तिसरा मार्ग : जे उरले आहे ते वाचणे. आम्ही ते शेरे एका स्वतंत्र वहीत उतरवून काढले. साडेचारशेच्या वर भरले. काही शुद्धलेखनाचे आहेत. 'ऱ्हस्व', 'हा शब्द दोनदा', 'पूर्णविराम कंजूषपणे देऊ नका'. काही माहितीचे. 'हळदीचे बेणे पावसाळ्यात काढत नाहीत; कोणाला तरी विचारा.' 'आपल्याकडे याला काहील म्हणतात, कढई नव्हे.' काही नुसतेच एका शब्दाचे : 'खरे?' हा 'खरे?' एकूण सदतीस ठिकाणी आहे. त्याच्यापुढे निळा ढग. कोणत्या विधानाला त्यांनी सदतीस वेळा अडवले, ते आता कधीच कळणार नाही. परीक्षेत उत्तर पुसले जावे आणि गुण तेवढे राहावेत, तसा हा प्रकार. वाचताना प्रथम हसू आले. मग हळूहळू असे होऊ लागले की वर्तमानपत्र वाचताना, सभेत बोलताना, एखाद्या अहवालात 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' असे लिहिताना समासात ते अक्षर दिसू लागले. खरे?

एक शेरा मात्र वेगळा होता. आठव्या वहीच्या शेवटच्या पानावर, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात : 'तुम्ही सारखे आम्ही आम्ही लिहिता. या आम्हीत कोण कोण आहे?'

मराठीच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे व्याकरणातले अंग सहज दिसेल. 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन शब्द आपल्या भाषेत वेगळे आहेत. 'आम्ही जेवायला जातो' म्हटले की ऐकणारा वगळला गेला. 'आपण जेवायला जाऊ' म्हटले की त्याचेही पान मांडले गेले. कित्येक भाषांना हा भेद एका शब्दाने करता येत नाही. मराठी बोलणारा तो दिवसातून शंभर वेळा, विचार न करता करतो. म्हणजे मराठीत 'आम्ही' लिहिणारा प्रत्येक जण, त्याच्या मनात असो वा नसो, एक कुंपण घालत असतो.

आपल्या निबंधवाङ्मयाचा इतिहास या कुंपणाच्या अंगानेही सांगता येईल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि एकहाती चालवली. ते मासिक एकट्याचे, पण त्यातला 'आम्ही' भारदस्त. १८८१ मध्ये निघालेल्या 'केसरी'च्या अग्रलेखांतही तोच 'आम्ही'. त्यामागे पत्राचे धोरण उभे असे, आणि लोकमताचा अधिकारही गृहीत धरलेला असे. पुढे लघुनिबंधकारांनी तो फेटा उतरवून 'मी' आणला. त्याने निबंध घरगुती झाला, कधी कधी फारच घरगुती झाला. आणि मग १९७० नंतर दलित आत्मकथनांनी या सर्वनामांची सगळी मांडणीच हलवली. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) बोलणारा एक माणूस दोघांत फुटलेला आहे : दगडू पवार आणि दया पवार. एक सांगतो, दुसरा ऐकतो. शिकून पुढे गेलेल्या माणसाने मागे राहिलेल्या स्वतःला भेटावे, याहून अवघड परतणे मराठी गद्यात आम्हांला दुसरे दिसत नाही. बेबी कांबळे यांनी आत्मकथनाला नाव दिले 'जिणं आमुचं' (१९८६). 'माझं जिणं' नाही, 'आमुचं'. हे लेखन त्यांनी अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. त्यातल्या 'आमुचं'मध्ये अख्खा महारवाडा आहे, आणि तिथल्या बायका विशेषेकरून आहेत. तिथे बहुवचन अधिकारासाठी आलेले नाही; एकट्याने बोललो तर बाकीच्यांचे राहून जाईल, या जबाबदारीने ते आले आहे.

चिपळूणकरांचा 'आम्ही' आणि बेबीताईंचा 'आमुचं' या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आमचा 'आम्ही' होता. वहीतल्या लेखांत तो कुरुंद्याविषयी बोलत असे; आजोळ, आखाडातला पाऊस, हळद शिजवण्याचा वास. गुरुजींचा प्रश्न सरळ होता. हळद शिजताना जो वास येतो तो ओसरीवर बसलेल्याला एक येतो आणि काहिलीपाशी उभ्या असलेल्या बाईला दुसरा. हळद खणून काढणाऱ्या, गड्डे आणि हळकुंडे निवडणाऱ्या, उन्हात पसरणाऱ्या बायकांचे हात महिना महिना पिवळे राहतात. त्या 'आम्ही'त आहेत का? असतील तर त्यांना विचारले का? नसतील तर वाक्यात तसे दिसते का? गुरुजींनी एवढे सगळे लिहिलेले नाही. एक ओळ लिहिली आणि बाकीचे आमच्यावर सोपवले. मास्तर माणूस, उत्तर कधी फळ्यावर लिहून देत नसत.

आता, या शेऱ्याआधीच्या पानावर काय होते ते धुऊन गेले आहे. त्यामुळे आरोपाला उत्तर देणे किंवा आरोप मान्य करणे, दोन्ही शक्य नाही. प्रश्न तेवढा मोकळा उभा आहे, आणि तो जुन्या लेखाचा राहिलेला नाही. यापुढे जे काही लिहू त्याचा तो आहे. आठ वर्षांनी पुन्हा लिहायला बसताना कोण परतते, या आरंभीच्या कोड्याचे आम्हांला सापडलेले उत्तर असे आहे : लिहिणारा परतत नाही. तो त्या वह्यांबरोबर गेला, आणि त्याच्यासाठी शोक करावा एवढा तो मोठा नव्हता. परतणे घडते ते वाचकाचे. ज्याच्या शेऱ्यांसह आपण वाक्य लिहू शकतो असा कोणी पुन्हा समासात येऊन बसला, की लेखन सुरू होते.

१० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत भूकंपाचा धक्का बसला. तीव्रता ४.५ नोंदली गेली. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि त्याच्या आसपासच्या गावांना जमिनीतून येणारे गूढ आवाज काही वर्षांपासून परिचयाचे आहेत. त्या सकाळचा धक्का मात्र दूरवर जाणवला. त्या आठवड्यात आम्ही कुरुंद्याला गेलो होतो. एक म्हातारी सांगत होती की आवाज आला की ती आधी उतरंडीकडे पाहते. मडकी हलली तर बाहेर पळायचे, नाहीतर नाही. आमच्या एका मामेभावाने सांगितले की मुले आता आवाजावरून पैज लावतात. त्याच वेळी हळदीची लागवड उरकून शेते वर येत होती. यंत्राने ४.५ हा आकडा नोंदला आणि तो बरोबरच असणार. उतरंड मात्र कोणत्याही नोंदीत नाही. रात्री परत आल्यावर आम्ही एक वही काढली, चार बोटे समास सोडला आणि म्हातारीची उतरंड लिहून काढली. एक पान झाले. आठ वर्षांनंतरचे पहिले. लिहिताना तीनदा थांबलो. एकदा 'काळाच्या उदरात' असे काहीतरी येऊ पाहत होते, ते समासाकडे बघून परत गेले.

पुढच्या महिन्यात त्या पानाची एक प्रत घेऊन आम्ही त्या म्हातारीकडे गेलो आणि ते तिला वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले. म्हणाली, 'मडकी नाही, दुधाची गाडगी म्हन. मडकी खालीच असत्यात, ती हालत न्हाईत.' आम्ही शब्द बदलला. गुरुजी असते तर त्यांनी हेच पेन्सिलीने लिहिले असते. फरक एवढाच की या वेळी शेरा अशा ठिकाणाहून आला जिथून आमच्या लेखनाला तो पूर्वी आला नव्हता.

शेतकरी मंडळींना आम्ही लेखनाच्या खंडाविषयी बोललो की ते बेण्याचा दाखला देतात. हळदीचे बेणे काढल्याबरोबर लावले तर नीट उगवत नाही. त्याला सावलीत दोन-अडीच महिने विश्रांती द्यावी लागते, मग डोळे फुटतात. दाखला प्रेमाने दिलेला असतो, आणि ऐकायला गोडही वाटतो. पण आम्ही तो स्वीकारत नाही. बेण्याची सुप्तावस्था मोजलेली असते. शेतकऱ्याला अक्षय्य तृतीया ठाऊक असते. न लिहिण्याच्या आठ वर्षांत आत काहीतरी शिजत होते, मुरत होते, असे म्हणणे सोयीचे आहे. तशी खात्री देणारा पुरावा आमच्यापाशी नाही. त्या वर्षांत बरेच काही घडले आणि लिहिले न गेल्यामुळे ते गेले. साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात नांदेडच्या रस्त्याने पायी गावाकडे जाणारी माणसे आम्ही दारातून पाहिली. कोणी काय बोलले, कोणाच्या डोक्यावर काय होते, ते आज सांगता येत नाही. मौनाचा गौरव करण्याची एक रीत आपल्याकडे आहे. थोर कवींच्या बाबतीत ती ठीक असेल. सामान्य लेखकाच्या मौनात बहुतेक वेळा नुसती रिकामी जागा असते, आणि ती रिकामी आहे असे म्हणणेच बरे.

विद्यार्थी कधी कधी विचारतात की ललित लेखनाला आता काय अर्थ उरला. प्रत्येक जण आपापले अनुभव सांगतोच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले, भाषणे झाली, आणि दोन हजार वर्षांचा वारसा वगैरे सांगून झाला. त्या वारशात जे शिलालेख आणि पोथ्या मोजल्या जातात, त्यांच्याभोवती समासांत टिपणे करणारे, पाठ जुळवणारे, 'खरे?' म्हणून विचारणारे किती अनामिक वाचक होऊन गेले असतील. भाषा लेखकांइतकीच त्यांनीही चालवली. अनुभव सांगणारे आज पुष्कळ आहेत, हे खरेच. सांगितलेले अडवणारा आणि तरीही पुढचे पान मागणारा वाचक पूर्वीही दुर्मीळ होता. साहित्याचा शिक्षक दुसरे काही घडवू शकला नाही तरी असा एखादा वाचक घडवू शकतो. लेखक घडवण्यापेक्षा ते काम अधिक शक्यतेतले आहे आणि कदाचित अधिक गरजेचे.

आम्ही या लेखातही 'आम्ही'च लिहिले आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. सवय हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की गुरुजींच्या प्रश्नाला आज आमच्यापाशी निदान अर्धे उत्तर आहे. या 'आम्ही'त दोन माणसे नक्की आहेत : एक शाईने लिहिणारा आणि एक शिसपेन्सिलीने अडवणारा. म्हातारीला धरले तर तीन. यापलीकडे किती जणांना त्यात जागा होईल, आणि कोणत्या दिवशी हा शब्द खोडून 'आपण' असा लिहिता येईल, ते पुढच्या वह्यांनी ठरवायचे आहे. समास सोडलेला आहे.